घर दोन ठिकाणी, मोजपट्टी एक

आईवडील पोटापाण्यासाठी परगावी गेले की मुलांचे काय होते, या प्रश्नावर गेल्या दोन-तीन दशकांत भरपूर संशोधन झाले. सुरुवातीला त्याचा रोख नुकसानीवर होता. शाळा किती बुडाली, वजन किती घटले, मन किती खचले, याची मोजदाद होई. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आले, की सारखीच ओढाताण सोसूनही काही घरे मोडतात आणि काही उभी राहतात. मग विचारणा सुरू झाली, की घराची ही सावरण्याची ताकद कशात असते आणि ती मोजता येते का? या विषयावर आज सर्वाधिक काम चीनमध्ये होत आहे. महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांच्या मुलांमुळे आणि चेन्नईत बांधकामांवरच्या परप्रांतीय कुटुंबांमुळे तो प्रश्न आपल्याही दारात आहे. ही चर्चा कुठवर आली, कोणती मते समोर आहेत आणि काय सुटायचे बाकी आहे, याचा हा आढावा.

व्यक्तीकडून कुटुंबाकडे

कौटुंबिक ताणाच्या अभ्यासाची सुरुवातच ताटातुटीपासून झाली. दुसऱ्या महायुद्धात घरचा पुरुष आघाडीवर गेला आणि काही वर्षांनी परतला, अशा अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. संकट किती मोठे आहे एवढ्यावर घराची अवस्था ठरत नाही. घराकडे साधने काय आहेत आणि घर त्या प्रसंगाकडे कसे पाहते, यावरही ती ठरते, अशी त्यांची मांडणी होती. हॅमिल्टन मॅककबिन आणि जोन पॅटरसन यांनी १९८३ मध्ये तिला काळाची जोड दिली. संकटे एकेकटी येत नाहीत. आधीचे निस्तरण्याआधी पुढचे येऊन आदळते आणि ओझे साचत जाते, हे त्यांनी दाखवले.

दुसरा धागा बालमानसशास्त्राचा. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढपणापर्यंत काढला. दारिद्र्य, घरातले कलह, पालकांचे आजार अशी अनेक संकटे वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम आणि मायाळू माणसे म्हणून मोठी झाली. त्यांच्या मागे बहुधा आजी, मावशी, शिक्षक असे कुणीतरी भरवशाचे माणूस होते. म्हणजे ताकद मुलात जितकी होती, तितकीच त्याच्या भोवतालातही होती.

हे दोन धागे शिकागोच्या कुटुंबोपचारतज्ज्ञ फ्रोमा वॉल्श यांनी १९९०च्या दशकात एकत्र विणले. सावरण्याची ताकद ही सगळ्या घराची मिळून असते, असे सांगत त्यांनी तिचे तीन भाग केले. पहिला, घराच्या श्रद्धा आणि आशा. दुसरा, घराची घडी : कोण काय करतो, वेळेला भूमिका बदलतात का, नातलग आणि पैसा यांचा आधार किती. तिसरा, घरातला संवाद. आजच्या बहुतेक मोजपट्ट्या या चौकटीवर उभ्या आहेत.

चीनमधली मुले आणि बदलते आकडे

चीनमध्ये या प्रश्नाच्या मुळाशी १९५८ पासूनची 'हुकौ' ही नोंदणीपद्धत आहे. माणसाची नोंद त्याच्या मूळ गावी असते आणि शाळा, आरोग्य यांसारख्या सोयी त्या नोंदीला बांधलेल्या असतात. आर्थिक सुधारणांनंतर कोट्यवधी माणसे किनाऱ्यालगतच्या कारखान्यांकडे गेली, पण मुलांना शहरातल्या सरकारी शाळेत घालणे अवघड होते. त्यामुळे कोणी मुले गावी आजीआजोबांकडे ठेवली, तर कोणी बरोबर नेली. संशोधनात पहिल्यांना 'मागे राहिलेली मुले' आणि दुसऱ्यांना 'स्थलांतरित मुले' म्हणतात.

अशी मुले किती, याचे उत्तर व्याख्येप्रमाणे बदलते. २०१० च्या जनगणनेवरून ग्रामीण भागात मागे राहिलेल्या मुलांचा अंदाज ६ कोटी १० लाख होता. त्यात अठरा वर्षांखालची आणि आई किंवा वडील यांपैकी निदान एक जण बाहेर असलेली सगळी मुले धरली होती. २०१६ मध्ये सरकारने व्याख्या आवळली. मूल सोळा वर्षांखालचे हवे, आणि दोघेही पालक बाहेर हवेत किंवा मागे राहिलेला पालक सांभाळ करण्यास असमर्थ हवा. त्या वर्षीच्या मोजणीत आकडा ९० लाखांवर आला. २०२० च्या जनगणनेवर आधारलेल्या अंदाजात गावे आणि शहरे मिळून ६ कोटी ६९ लाख मुले मागे राहिलेली आणि ७ कोटी ११ लाख मुले स्थलांतरित निघाली. एकूण १३ कोटी ८० लाख. मोजपट्टी हाती घेण्याआधी कोणाला मोजायचे हेच ठरत नाही, ही या क्षेत्राची पहिली अडचण.

निष्कर्षांतही एकवाक्यता नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०१८ साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात १११ अभ्यास एकत्र तपासले होते. त्यांतले ९१ चीनमधल्या अंतर्गत स्थलांतराविषयीचे होते. मागे राहिलेल्या मुलांत नैराश्य, चिंता आणि कुपोषण यांचा धोका अधिक आढळला. नैराश्याचा सुमारे दीडपट. याउलट २०१५ मध्ये 'हेल्थ अफेअर्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दहा प्रांतांतल्या १ लाख ४१ हजारांवर मुलांची माहिती पाहिली. आरोग्य, पोषण आणि शिक्षण या निकषांवर मागे राहिलेली मुले आईवडिलांजवळ राहणाऱ्या ग्रामीण मुलांइतकीच, काही बाबतींत किंचित बरी निघाली. अडचणीत दोन्ही गट होते, असे त्याचे म्हणणे. आग्नेय आशियातल्या चार देशांत २००८ साली झालेल्या पाहणीत इंडोनेशिया आणि थायलंडमध्ये वडील परदेशी असलेल्या मुलांची मानसिक स्थिती तुलनेने खालावलेली दिसली; फिलिपिन्स आणि व्हिएतनाममध्ये तसे दिसले नाही.

इतक्या भिन्न निष्कर्षांचा एक अर्थ असा लावला गेला, की 'पालक बाहेर आहेत' या एका माहितीवरून फार काही कळत नाही. घर आतून कसे चालते ते पाहिले पाहिजे. कौटुंबिक ताकद मोजण्याच्या खटपटीला त्यातून बळ मिळाले.

मोजपट्ट्या आणि त्यांची घडण

सर्वाधिक वापरली जाणारी मोजपट्टी मेगी सिक्सबी यांनी २००५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या प्रबंधासाठी तयार केली. तिच्यात ५४ विधाने आहेत. प्रत्येकाशी आपण किती सहमत ते सांगायचे. विधानांचे सहा गट आहेत : संवाद आणि अडचणी सोडवणे, सामाजिक-आर्थिक आधार, आशावाद, आपसातली जवळीक, धार्मिक श्रद्धा आणि संकटाचा अर्थ लावण्याची क्षमता. त्यांतली २७ विधाने, म्हणजे निम्मी, एकट्या संवादाच्या गटात आहेत. वॉल्श यांचीही ३२ विधानांची प्रश्नावली आहे. मुलाच्या बाजूने पाहणारी साधने वेगळी. मायकेल उंगर यांच्या पुढाकाराने अकरा देशांतल्या चौदा ठिकाणी काम करून बनवलेली २८ विधानांची मोजपट्टी मुलाला घर, शाळा आणि समाज यांतून काय मिळते ते विचारते. रॉबर्ट गुडमन यांची २५ प्रश्नांची प्रश्नावली मुलाच्या वागण्यातल्या अडचणी आणि जमेच्या बाजू टिपते.

परक्या भाषेतली मोजपट्टी आणताना तिचे भाषांतर होते, मग दुसरी व्यक्ती ते मूळ भाषेत उलटून पाहते. थोड्या लोकांवर चाचणी होते. उत्तरे एकमेकांशी जुळतात का, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारले तर तीच येतात का आणि विधानांचे गट मुळाप्रमाणेच पडतात का, हे संख्याशास्त्राने तपासतात. या शेवटच्या पायरीवर बरेच काही हाती लागते. सिक्सबी यांच्या मोजपट्टीची छोटी चिनी आवृत्ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ३२ विधाने आणि तीनच गट उरले : संवाद, सामाजिक आधार, आशावाद. श्रद्धेचा गट वेगळा टिकला नाही.

तीच मोजपट्टी बीड जिल्ह्यात आणली तर काय होईल? मूळ श्रद्धा-गटातली विधाने प्रार्थनास्थळी जाणे, धर्मगुरूंचा सल्ला घेणे अशा स्वरूपाची आहेत. ऊसतोड कुटुंबाची श्रद्धा गावच्या सप्ताहात, वारीत, भगवानगडावरच्या दसऱ्यात दिसते. ती अख्ख्या गावाची असते आणि तिच्यातून नाती, सोयरिकी, अडीअडचणीची मदतही मिळते. मग तिला श्रद्धेच्या रकान्यात घालायचे की सामाजिक आधाराच्या? आर्थिक आधाराचेही तसेच. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर, लग्न, आजारपण, घराचे पत्रे निघतात. म्हणजे तो आधार झाला. पण ती फिटेपर्यंत पुढच्या हंगामाचे हातही बांधले जातात. 'गरज पडली तर पैसे मिळतात का' या प्रश्नाला बाप 'हो' म्हणेल. त्या होकारात ताकद किती आणि अडकणूक किती, हे आकड्यातून दिसणार नाही.

महाराष्ट्र : कोपीवरची मुले, गावातली मुले

महाराष्ट्राला पालकांच्या स्थलांतराचा अनुभव नवा नाही. कोकणातला चाकरमानी गिरणगावात, बायकामुले गावी आणि दोहोंना जोडणारी मनीऑर्डर, हे चित्र शतकभर होते. पण त्या घरात आई मुलांजवळ होती. ऊसतोडणीत तसे नाही. नवराबायको मिळून 'एक कोयता' धरला जातो, त्यामुळे आईही जाते. बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच काळात येते.

मूल बरोबर गेले तर मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. उजाडण्याआधी आईवडील फडात जातात. थोरली मुलगी दहा-अकरा वर्षांची असली तरी पाणी भरते, धाकट्याला सांभाळते, कधी वाढ्यांच्या मोळ्या बांधते. मूल गावी राहिले तर आजीआजोबांजवळ, आणि तिथेही आजीचे औषधपाणी बहुधा त्याच्याच गळ्यात येते. बहुतेक मोजपट्ट्या 'घरातली माणसे एकमेकांची कामे वाटून घेतात' याला जमेची बाजू मानतात. या मुलीला त्यात भरघोस गुण मिळतील. मात्र तिची शाळा सुटली हे त्या गुणांत कुठेही येणार नाही.

धोरणाचा प्रवासही या दोन जागांमध्ये झाला. १९९०च्या दशकापासून कारखान्यांच्या आवारात साखरशाळा सुरू झाल्या. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) 'जनार्थ' संस्थेचे काम त्यात मोठे होते. वसईकडे वीटभट्टीवरच्या मुलांसाठी 'विधायक संसद'ने भोंगाशाळा चालवल्या. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर मूल नियमित शाळेच्या पटावर असावे, हे सूत्र पुढे आले. साखरशाळा मागे पडल्या आणि मुलाला गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांवर भर आला. २०२१ मध्ये राज्य सरकारने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना मंजूर केली.

साखरशाळा कुटुंब एकत्र ठेवत होती, पण शिक्षण तुटक राहत होते. वसतिगृह शिक्षण सलग ठेवू पाहते, पण त्यासाठी मूल आणि आईवडील यांची फारकत मान्य करते. यांतल्या कोणत्या व्यवस्थेत घर अधिक सावरते, याची सलग, तुलनात्मक मोजणी झालेली नाही. पट, हजेरी, जेवणाच्या ताटांचा हिशेब यांची नोंद होते. घराची होत नाही.

प्रश्नाचा आकार देशभर मोठा आहे. 'लॉक्ड होम्स, एम्प्टी स्कूल्स' या २००७ च्या पुस्तकाने ऊसतोडणी, मिठागरे, वीटभट्ट्या अशा हंगामी स्थलांतरांमागचे मुलांचे हाल एकत्र मांडले. युनेस्कोच्या २०१९ च्या जागतिक शिक्षण अहवालानुसार भारताच्या ग्रामीण भागात हंगामी कामगार असलेल्या घरांत ६ ते १४ वयाची १ कोटी ७ लाख मुले होती; हा आकडा २०१३ चा.

चेन्नई : वेलचेरी आणि भोवताल

दक्षिण चेन्नईतल्या वेलचेरीतून या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते, ती येणाऱ्यांची. तरमणीपासून दक्षिणेला पसरलेल्या माहिती-तंत्रज्ञानाच्या पट्ट्याने इथे दोन प्रकारची माणसे आणली. एक संगणकावर काम करणारी आणि दुसरी त्यांच्या इमारती बांधणारी. तमिळनाडूच्या कामगार खात्यासाठी २०१५ च्या सुमारास झालेल्या पाहणीत राज्यातल्या परप्रांतीय कामगारांची संख्या १० लाख ६७ हजार निघाली. बिहार, ओडिशा, बंगाल, आसामचे बरेच जण एकटे येतात. त्यांची मुले गावी राहतात. जे कुटुंबासह येतात, त्यांची मुले बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत असतात. तमिळनाडूने २००६ च्या कायद्याने शाळांत तमिळ सक्तीची केली आहे, तेव्हा मुलापुढची पहिली अडचण भाषेची. वीटभट्ट्यांवरच्या ओडिया मुलांसाठी ओडिया पुस्तके आणि शिक्षक आणण्याचे प्रयोग झाले आहेत, पण मूल कुठल्या राज्याच्या अभ्यासक्रमाशी जोडायचे, हा पेच त्यांतूनही सुटलेला नाही.

मोजणाऱ्याची अडचण इथे आणखी वाढते. पंधरा दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी, तर स्लॅबचे काम संपलेले असते आणि ठेकेदाराने माणसे दुसऱ्या साइटवर हलवलेली असतात. जी घरे अधिक अस्थिर, तीच दुसऱ्या फेरीत हाती लागत नाहीत. उरलेल्यांच्या उत्तरांवरून काढलेली सरासरी मग आहे त्यापेक्षा बरी दिसते.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण गलाई व्यावसायिकांचे. सांगलीच्या खानापूर-आटपाडी, विटा, तासगाव या दुष्काळी भागातली माणसे सोनेचांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या देशभर विखुरली. तमिळनाडूतही त्यांचा चांगला जम आहे. सुरुवातीला पोरगा नातलगाच्या दुकानात शिकायला जातो, हात बसला की स्वतःचे दुकान टाकतो. काही घरांत बायकामुले बरोबर असतात, काही घरांत मुले शिक्षणासाठी गावी. जाणेयेणे गावच्या यात्रेशी आणि लग्नसराईशी जुळलेले असते. इथेही कुटुंब दोन ठिकाणी आहे, पण भाऊबंदकीचे जाळे मजबूत आणि गाठीशी पैसा आहे. ऊसतोड कुटुंब आणि गलाई कुटुंब यांना 'पालक परगावी' या एकाच खान्यात घातले तर दोन्हींबद्दल फारसे काही कळणार नाही.

तीन मते

या सगळ्या चर्चेत ढोबळपणे तीन बाजू आहेत.

पहिली बाजू समान मोजपट्टीची. सिचुआनमधले, सांगलीतले आणि चेन्नईतले घर एकाच साधनाने मोजले तरच तुलना होईल, उपाय लागू पडला की नाही ते कळेल आणि सरकारकडे आकडा घेऊन जाता येईल, असे तिचे म्हणणे. निरनिराळ्या गटांना विधानांचा अर्थ सारखाच लागतो का, हे तपासण्याची तंत्रे आता आहेत. त्यामुळे भाषांतरातले दोष सुधारता येतात, अशी तिला खात्री वाटते.

दुसरी बाजू स्थानिक घडणीची. आधी लोकांशी बोलावे, त्यांच्या लेखी घर सावरले म्हणजे काय ते समजून घ्यावे आणि मग विधाने लिहावीत, असे ती मानते. उंगर यांचा मार्ग या दोहोंच्या मधला : काही विधाने सर्वांसाठी सारखी आणि काही स्थानिक. या वाटेला वेळ लागतो आणि प्रत्येक ठिकाणचे साधन वेगळे झाले तर तुलना हुकते, हे तिचे समर्थकही मान्य करतात.

तिसरी बाजू मोजणीच्या हेतूबद्दलच सावध आहे. हुकौचे नियम, उचलीचे गणित, शहरातल्या शाळेचे बंद दार ही कारणे घराबाहेरची आहेत. घराची ताकद मोजत बसले तर घर सावरले नाही याचा दोष घराच्याच माथी जातो, आणि गुण चांगले आले तर मदतीची निकड कमी वाटू लागते. त्यावर पहिल्या दोन बाजूंचे उत्तर असे, की वॉल्श यांच्या चौकटीत बाहेरचा आधार धरलेलाच आहे आणि कोणत्या घराला कसला आधार हवा, ते मोजल्याशिवाय समजणार नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न उत्तर कोणाचे धरायचे हा. मोजपट्टी 'आमचे कुटुंब' असे म्हणते, पण भरतो एकच जण. शाळेत पाहणी झाली तर मूल भरते, घरी झाली तर आजी. मुलाच्या मनातले 'आमचे कुटुंब' म्हणजे आजीचे घर की फोनवरची आई, हे विचारले जात नाही. तिघांची उत्तरे वेगळी आली तर सरासरी काढायची की तो फरक हीच माहिती मानायची, यावर एकमत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. ऊसतोड कुटुंबाची पाहणी जूनमध्ये केली तर सगळे घरी असतात, जानेवारीत केली तर घराला कुलूप असते. सावरणे ही काळात घडणारी गोष्ट आहे, आणि बहुतेक अभ्यास एकदाच केलेली पाहणी आहेत. काउआईसारखा जन्मापासूनचा माग स्थलांतरित मुलांबाबत फार थोड्या ठिकाणी काढला गेला आहे.

तिसरा प्रश्न तत्त्वाचा. आपण संकटातून सावरण्याची ताकद मोजतो आहोत की फक्त चांगले चाललेले घर? ज्या घरावर संकट आलेच नाही, त्यालाही या मोजपट्टीत उत्तम गुण मिळू शकतात. दोन्हींत फरक करायचा तर संकट किती होते हेही त्याच वेळी मोजावे लागेल. ते क्वचित होते.

चौथा प्रश्न मोजणीत न येणाऱ्या घरांचा. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये अल्पकालीन स्थलांतरित धरले ते कामासाठी महिना किंवा त्याहून अधिक पण सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहिलेले. हंगाम लांबला आणि टोळी सहा महिन्यांनंतर परतली, तर ते कुटुंब त्या व्याख्येच्या बाहेर पडते.

एकूण चित्र असे, की कौटुंबिक ताकदीची कल्पना पक्की होत आली आहे, चीनमुळे आकडेवारीही साचली आहे, पण बहुतेक मोजपट्ट्या एका छपराखाली बारा महिने राहणारे घर गृहीत धरतात. महाराष्ट्राला इथे स्वतःची भर घालता येईल. हंगामी वसतिगृहे दरवर्षी त्याच गावांत उघडतात, मुले शाळेच्या पटावर असतात आणि टोळ्या ठरलेल्या सुमारास निघून ठरलेल्या सुमारास परततात. निघण्याआधी, हंगामाच्या मध्यावर आणि परतल्यावर अशी तीनदा, आणि मूल, आजी, आई यांना वेगवेगळे विचारून केलेली पाहणी काही वर्षे चालली, तर वर मांडलेल्या प्रश्नांपैकी निदान पहिल्या दोहोंवर अंदाजाऐवजी पुराव्याने बोलता येईल. उरलेल्या दोहोंसाठी व्याख्याच नव्याने लिहाव्या लागतील, आणि ते काम संशोधकांइतकेच धोरण ठरवणाऱ्यांचे आहे.